मधली पट्टी

आम्ही तिघी बहिणी. थोरलीला सगळे ताई म्हणतात, मला धाकटी म्हणतात, आणि आमच्या दोघींच्या मध्ये जी जन्माला आली ती मधली. तिला रीतसर नाव आहे, पण ते बँकेपुरतं आणि दवाखान्यापुरतं. मी तिच्याहून लहान, तेव्हा निदान मी तरी तिला ताई म्हणायला हवं होतं. पण तो शब्द थोरलीनं आधीच पटकावला होता. घरात कुठूनही "मधले" अशी हाक आली की ती "आले" म्हणते. हा शब्द तिनं आयुष्यात जितक्यांदा उच्चारला असेल तितका दुसरा कुठलाच उच्चारला नसेल.

आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत बाबा, त्यांची आरामखुर्ची आणि टीव्ही. मागच्या खोलीत आई, तिचा ओटा आणि जेवायचं टेबल. मधल्या खोलीला खिडकी नाही, दोन दारं आहेत. एक बाबांकडे उघडतं, एक आईकडे. तिथे मधलीचा पलंग, एक टेबल आणि वाकड्या मानेचा एक दिवा. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. मी शाळेत होते तेव्हापासून. का बोलत नाहीत हे विचारू नका, कारण आई म्हणते ते एका खिडकीवरून, आणि बाबा म्हणतात आईच्या भावावरून, आणि थोरलीचं म्हणणं की दोघंही विसरलेत आणि आता कबूल करायची लाज वाटते. सुरुवात मात्र मला लख्ख आठवते. जेवताना बाबा समोर बघत म्हणाले, "आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे." आई हातभर अंतरावर बसलेली. मी फिसकन हसले. थोरली ताट उचलून उठून गेली. मधली त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर होती, आणि ती आईकडे वळून म्हणाली, "आई, भाजीत मीठ कमी आहे म्हणतात."

संपलं. त्या एका वाक्यानं तिला नोकरी लागली, आणि अशी नोकरी की जिच्यात ना सुट्टी ना निवृत्ती. थोरली लग्नाच्या निमित्तानं सटकली, मी कामाच्या निमित्तानं दुसऱ्या शहरात पळाले, आणि मधली राहिली. आई-बाबा दुष्ट असते तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते. ती दोघंही चांगली माणसं आहेत, हाच तर सगळा वैताग आहे. तिला ताप आला की बाबा रात्रभर जागतात आणि सकाळी तिलाच सांगतात, "आईला सांग, तुला आता बरं वाटतंय."

तर ही मधली पुट्टीची माणसं करते. बोटाच्या दोन पेरांएवढी, कधी त्याहून लहान. खेळण्यातल्या आगगाडीच्या फलाटावर उभी राहणारी, इमारतींच्या नमुन्यात फिरणारी. आधी बारीक तार वाकवून सांगाडा करायचा, तो बुचावर रोवायचा, आणि त्यावर एपॉक्सीची पुट्टी थोडी थोडी चढवत माणूस उभा करायचा. हत्यारं म्हणजे दातांच्या डॉक्टरनं टाकून दिलेली एक आकडी, बुचात खुपसलेली सुई, दोन-चार दातकोरणी आणि पाण्याची वाटी. तिनं हे एका परदेशी मासिकातली चित्रं बघून सुरू केलं. मजकूर वाचता येत नव्हता, त्यामुळे सगळ्या चुका तिनं स्वतःच्या हातानं केल्या.

बाबा त्या पुट्टीला लांबी म्हणतात. "काय ती लांबी मळत बसतेस, खिडक्यांच्या काचा बसवायच्यात का?" आईचं भांडण वेगळं. पुट्टी थंडीत जास्त टिकते म्हणून मधली ती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवते, आणि आईच्या मते आपल्याला कधीतरी सगळ्यांना विषबाधा होणार आहे. मधली दोघांनाही "हो" म्हणते आणि कामाला लागते.

लागते म्हणजे लागायचा प्रयत्न करते. या पुट्टीचं असं आहे की ती एकाच पट्टीत शेजारी शेजारी दोन रंगांची येते. पिवळा म्हणजे माल आणि निळा म्हणजे त्याला घट्ट करणारा. दोन्ही रंग वेगवेगळे राहिले तर खूप दिवस मऊ राहतात. एकत्र मळून हिरवा गोळा केला की मग घड्याळ सुरू होतं. सुरुवातीला ती बोटांना चिकटते, मग थोडा वेळ तुमचं सगळं ऐकते, नाक म्हटलं की नाक, बोट म्हटलं की बोट. मग हळूहळू ऐकेनाशी होते आणि शेवटी दगड. तो ऐकण्याचा थोडा वेळ हाच सगळा खेळ. आणि त्या थोड्या वेळात पुढच्या खोलीतून हमखास हाक यायची.

"मधले, आईला विचार, माझा निळा शर्ट कुठाय."

"आले."

ती सुई खाली ठेवून मागे जायची. आई म्हणायची, "त्यांना सांग, डोळ्यांसमोर आहे. आणि विचार, औषध घेतलं का." ती पुढे यायची. "घेतलं म्हणावं. आणि सांग की डोळ्यांसमोर नाही." ती मागे जायची. शर्ट सापडेपर्यंत टेबलावरचा माणूस दगड झालेला असायचा.

तिच्या पलंगावरच्या फळीवर अशी अर्धवट माणसं ओळीनं उभी आहेत. बादली उचलणारी बाई, जिला बोटं नाहीत. छत्री धरलेला म्हातारा, ज्याचा चेहरा कानांपाशी संपतो. एका पोलिसाच्या पाठीवर मधलीच्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा आहे, कारण हाक आली तेव्हा ती दचकली होती. मी एकदा म्हटलं, "हाकेला लगेच ओ द्यायलाच हवी का? ते जरा थांबले तर काय बिघडेल?" ती म्हणाली, "थांबवून ठेवलं की ते दोघंही टेबलापाशी येऊन उभे राहतात. माझ्या दोन बाजूंना. आणि मग एकमेकांकडे न बघता मला सांगत राहतात. त्यापेक्षा जाऊन आलेलं बरं." दोन दारं असून बाहेर पडायला एकही नाही, अशी ती खोली आहे.

रविवारी मात्र ती सुटायची. हौशी लोकांच्या सामानाचं एक दुकान आहे, त्याच्या माळ्यावर ती नवशिक्यांना पुट्टीकाम शिकवते. मी एकदा सुट्टीत जाऊन बसले होते आणि ही आपलीच बहीण का, असा प्रश्न पडला. घरात जिचा आवाज दाराबाहेर जात नाही, ती तिथे खडसावत होती. "पाणी लावा हत्याराला. पुसू नका, लावा. एका दमात अख्खा माणूस करायला जाऊ नका. पाय केलेत ना? मग हात आवरा. पाय वाळू देत, मग धड. नाहीतर पुढून नाक कराल आणि मागून डोकं चपटं होईल."

पहिल्या बाकावर एक निवृत्त बसचालक होते. बोटं अशी की एकेका बोटात माझी दोन मावतील. मधलीनं सगळ्यांना पट्टीचा तुकडा दिला आणि सांगितलं, "पिवळं आणि निळं जिथे चिकटलंय तो मधला भाग आधी कापून फेका."

"फेकायचा?" बसचालक म्हणाले. "एवढा चांगला माल?"

"चांगला दिसतो. दोन्हीकडून लागून लागून तो पाकिटातच घट्ट झालेला असतो. मळताना कळत नाही. नंतर गालातून खडा वर येतो."

"बघू तरी," म्हणत त्यांनी मधलं ठेवलंच. तासाभरानं त्यांच्या शिपायाच्या कपाळावर टेंगूळ आलं. सगळे हसले, तेही हसले. मधली हसत हसत म्हणाली, "नवशिक्यांची पहिली चूक हीच. मधलं टाकवत नाही कुणाला." मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं, ती पुढच्या बाकाकडे गेली.

त्या दुकानामुळेच एक संधी आली. लांबच्या एका शहरात संग्रहालयांसाठी छोटे देखावे करणारं एक वर्कशॉप आहे. बाजार, बंदरं, जुन्या गल्ल्या, आणि त्यांत शेकडो माणसं. तिथल्या मुख्य बाईंनी इकडे आल्या असताना दुकानाच्या काचेतली मधलीची माणसं बघितली आणि निरोप ठेवला. चार दिवस येऊन काम करून दाखवा. जमलं तर कायमची जागा, राहायला खोली. खोलीला म्हणे मोठी खिडकी आहे.

मधलीनं मला फोनवर हे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बघते."

तिचं बघते म्हणजे नाही. मी तिच्याबरोबर वाढलेय. मी म्हटलं, "बघते काय, जा."

"आणि इथे?"

"इथे काय? दोघं धडधाकट आहेत."

"अगं, त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही." हे ती अशा सुरात म्हणाली की जणू दोघांना चालता येत नाही. "एखाद्याला रात्री काही झालं तर दुसऱ्याला कळणार कसं?"

माझा संताप संताप झाला. मी रजा टाकली आणि म्हटलं, "चार दिवस मी येते. तू जा." तिनं जाताना मला एवढ्या सूचना दिल्या की मी तान्ह्या जुळ्यांना सांभाळायला आलेय असं वाटावं. आणि दारातून पुन्हा मागे फिरून म्हणाली, "बाबांचं म्हणणं आईला जसंच्या तसं सांगू नकोस. थोडं मऊ करून सांग. मी तसंच करते."

मी कसलं मऊ करतेय. ती जिना उतरली असेल नसेल, तोच पुढून हाक आली. "धाकटे, आईला सांग, मी आंघोळीला चाललोय."

"आईला ऐकू गेलंय बाबा. शेजाऱ्यांनाही गेलंय."

बाबा बघत राहिले. मागून आई म्हणाली, "धाकटे, त्यांना सांग, पंचा बदललाय."

"मी नाही सांगणार. मी टपालखात्यात नाही."

पहिला दिवस भयाण गेला. जेवताना चमच्यांचे आवाज तेवढे. बाबा खाकरायचे, आई भांडं आपटायची, आणि मी पुस्तकात डोकं घालून बसायची. दुसऱ्या दिवशी बाबांनी नवी युक्ती काढली. पुढच्या खोलीत उभं राहून भिंतीला म्हणाले, "कुणी चष्मा पाहिलाय का?" आईनं शेगडीला सांगितलं, "चष्मे फ्रीजवर ठेवले की असंच व्हायचं." मला हसू आवरेना. मी मनात म्हटलं, चला, निदान भिंतीपर्यंत तरी गाडी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सामान घेऊन जिना चढत होते, तर घरातून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं टीव्ही. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा जेवायच्या टेबलापाशी बसले होते, आई शेंगा सोलत होती, आणि बाबा म्हणत होते, "थोरलीचे गुडघे आत्तापासून दुखायला लागले म्हणजे पुढे काय?" आणि आई म्हणत होती, "तुमच्यावरच गेलीय ती. चालायला नको कुठे." बाबा हसले. आईनं मूठभर दाणे त्यांच्यापुढे सरकवले. त्यात ओशाळं, अवघडलेलं काहीसुद्धा नव्हतं. इतक्या वर्षांनी बोलणारी माणसं अशी बोलत नाहीत; ही काल-परवाच बोललेली माणसं होती.

मी पिशवी तिथेच ठेवली. "तुम्ही बोलताय!"

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. आई म्हणाली, "त्यात काय एवढं? रविवारी बोलतोच की."

"कुठल्या रविवारी?"

"अगं, मधली शिकवायला जाते ना, तेव्हा. घरात कुणी नसतं मग. बोलावंच लागतं."

"किती वर्षं झाली याला?"

"मला काय ठाऊक. ती जायला लागली तेव्हापासून असेल."

"मग इतर दिवशी का नाही बोलत?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "इतर दिवशी ती असते ना."

मला ओरडायचं होतं आणि ओरडले मी. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमच्या सोयीसाठी एक बाई भिंतीत चिणलीत, असं काहीतरी बोलले. आई रडली. बाबा म्हणाले, "आम्ही तिला जाऊ नको असं कधी म्हटलंय?" आणि ते खरं होतं. कुणीच म्हटलं नव्हतं. तिला धरून ठेवायला कुणाला बोटही लावावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी मी मधलीला फोन केला. सांगावं की नाही यावर तासभर घोटाळले आणि मग सरळ सांगून टाकलं.

"काय बोलत होते?" तिनं विचारलं.

"ताईच्या गुडघ्यांबद्दल."

"हसले का?"

"बाबा हसले."

"मी कधी त्यांना एकत्र हसताना बघितलं नाही गं," ती म्हणाली. मला तिच्या जागी राग आला असता. तिला आधी हेवा वाटला, राग मागाहून आला असावा. मग ती म्हणाली, "मला वाटायचं मी नसले तर सगळं थांबेल. मी असले म्हणून थांबलं होतं होय?" फोन ठेवताना तिनं सांगितलं की चौथ्या दिवसाची वाट न बघताच त्यांनी जागा देऊ केलीय, हो की नाही ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. बघते म्हणाली नाही, पण जाते असंही म्हणाली नाही.

ती परत आली ती दुपारी. मी दार उघडलं. बाबांनी खुर्चीतून मान वर केली, त्यांचा चेहरा उजळला, आणि ते म्हणाले, "आलीस? आईला सांग, तू आलीस."

मी डोक्याला हात लावला. आणि मधली खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता, पाय आपोआप वळल्यासारखी मधल्या खोलीतून आईच्या दाराशी गेली. तिनं तोंड उघडलं. "आई, बाबा म्हणताहेत..." एवढं बोलली आणि थांबली. आत आई हात पुसत उभी होती, तिला डोळे भरून बघत होती आणि वाट बघत होती, की बाबा काय म्हणताहेत.

मधलीनं वाक्य पुरं केलं नाही. ती मागे फिरली, बॅग पलंगावर ठेवली, दिवा लावला आणि टेबलापाशी बसली. फ्रीजमधली पुट्टी मला आणायला सांगितली. पट्टीचा एक तुकडा कापला, मग दोन रंगांच्या मधला अरुंद भाग सुरीनं दोन्हीकडून मोकळा केला आणि तो केराच्या डब्यात टाकला. उरलेलं मळायला घेतलं. बादलीवाल्या बाईला फळीवरून खाली घेतलं, त्या बिनबोटांच्या बाईला. हिरवा गोळा नीट एकजीव झाल्यावर बाबांच्या दाराकडे मान वळवून ती म्हणाली,

"बाबा, पुढच्या महिन्यापासून मी तिकडे कामाला जातेय. तिथेच राहणार आहे. सुट्टीला येईन."

पुढच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. बाबा दारात आले. "कायमची?"

"हो. आणि हे मी तुम्हालाच सांगितलंय. आईला तुम्ही सांगा."

"तूच सांग की. ती काय तिथेच आहे."

"माझे हात भरलेत," मधली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हात नाही. ती सुईच्या टोकानं त्या बाईचं पहिलं बोट वेगळं करत होती. "आत्ता सोडलं तर घट्ट होईल."

घर केवढंसं. आईला पहिल्या शब्दापासून सगळं ऐकू गेलं होतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. तरी मागच्या खोलीतून हूं की चूं नाही. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. त्यांनी मधलीच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. दोन बोटं झाली. तिसरं सुरू झालं. मग त्यांच्या चपला फरशीवर घासल्याचा आवाज आला, ते टेबलाला वळसा घालून गेले आणि आईच्या दाराशी उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "ऐकलंस का? मधली चाललीय."

"ऐकलं." आईचा आवाज रडून जाड झाला होता. "मोठी बॅग काढायला हवी मग."

"माळ्यावर आहे ती."

"मग काढा की. नुसते उभे काय राहिलात? आणि चेन बघा तिची, मागे ताईनं नेली तेव्हा अडकत होती."

"चेन चांगली आहे. तूच भरभरून ठेवतेस म्हणून अडकते."

"मी भरते? तुमचे ते कोट कुणी कोंबले होते?"

आणि दोघंही मधल्या खोलीत येऊन, टेबलाच्या एकेका बाजूला उभी राहून, तिच्या डोक्यावरून भांडायला लागली. मधलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात खरंच भरले होते. चौथं बोट जरा वाकडं झालं होतं, ते तिनं ओल्या सुईनं सरळ केलं.

"जरा हळू बोला दोघं," ती मान वर न करता म्हणाली. "मी काम करतेय."